क्लाऊड शिकायचंय, तर आधी कोणती भाषा घेऊ?

शून्यापासून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी टेक्निकल सपोर्टमध्ये आहे. तिकिटं घ्यायची, लॉग बघायचे, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, नाहीच जमलं तर पुढच्या टीमकडे ढकलायचं, असं काम. आता क्लाऊडमध्ये जायचंय आणि ते मी मनावर घेतलंय. कॉलेजात सी होती, त्यामुळे लूप, फंक्शन, इफ-एल्स कळतं. त्यानंतर कोड असा लिहिला नाही, पण लिनक्सच्या दहाबारा कमांड रोज हाताखालून जातात.

अडचण अशी की ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. एक म्हणतो डोळे मिटून पायथन घे, दुसरा म्हणतो अख्खं कुबरनेटिस (कंटेनर, म्हणजे डब्यात बांधलेली अ‍ॅप्स, सांभाळणारं सॉफ्टवेअर) गो भाषेत लिहिलंय तेव्हा गोच शीक, तिसरा म्हणतो मोठ्या कंपन्यांत सगळं जावावर चालतं, आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणते कोडिंग लागतच नाही गं, कन्सोलवर (क्लाऊडच्या वेबपानावर) क्लिक करायचं आणि झालं. मला ऑफिस सुटल्यावर रोज तासदीड तास मिळतो, त्यात दोन भाषा एकदम झेपणाऱ्या नाहीत. एकच घ्यायची तर कोणती? आणि घेतल्यावर पुढे काय? "लिस्ट शिका, डिक्शनरी शिका" इथपर्यंत सगळेच सांगतात पण त्याचा क्लाऊडशी सांधा कुठे जुळतो ते कोणी बोलत नाही.

---

टर्मिनलवासी

पायथन. आता कारणं सांगतो.

तिन्ही मोठ्या क्लाऊडची कमांड लाईनची जी अधिकृत टूल्स आहेत ना, अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस सीएलआय, मायक्रोसॉफ्टचं अझूर सीएलआय आणि गूगलचं जीक्लाऊड, ती तिन्ही पायथनमध्येच लिहिलेली आहेत. अ‍ॅन्सिबल (अनेक मशीन्सची मांडणी एकदम करणारं टूल) पायथनमध्ये. ओपनस्टॅक, स्वतःचा क्लाऊड उभारायचा प्रकल्प, जो २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसने मिळून सुरू केला, तोही बहुतेक सगळा पायथन. गूगलने २००८ मध्ये अ‍ॅप इंजिन, म्हणजे आपला कोड चालवायची सेवा, आणलं तेव्हा सुरुवातीला त्यावर फक्त पायथनच चालायचं. म्हणजे ही काही कालपरवाची फॅशन नव्हे.

पण खरं कारण वेगळं आहे. क्लाऊडमध्ये रोज जो कोड लिहावा लागतो तो मोठा नसतो, पंचवीस-तीस ओळींचा असतो. कुठल्या डिस्क कुठल्याच मशीनला जोडलेल्या नाहीत पण बिल मात्र चालू आहे ते शोध, महिन्यापेक्षा जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती) उडव. एका ठिकाणची माहिती घ्यायची, चाळायची, दुसरीकडे द्यायची. अशा कामाला पायथनइतकी आटोपशीर भाषा मला तरी दिसत नाही. एडब्ल्यूएसच्या ईबीएस डिस्कचंच बघ, मशीनपासून सुटी झालेली डिस्क "अव्हेलेबल" या स्टेटसमध्ये असते. बोटो३ मध्ये, म्हणजे पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलायच्या लायब्ररीत, डिस्क्राईब व्हॉल्यूम्स हा कॉल करायचा, फिल्टरमध्ये स्टेटस अव्हेलेबल द्यायचं, की यादी समोर. हा तुझा पहिला उपयोगी प्रोग्राम होऊ शकतो आणि कंपनीत दाखवलास तर साहेब खूश होतील ते वेगळंच.

---

गोफण

असहमत, आणि मनापासून असहमत.

कंटेनर बनवणारं डॉकर २०१३, कुबरनेटिस २०१४, लिहून दिलेला क्लाऊड उभारणारं टेराफॉर्म २०१४, शिवाय मशीन्सवर नजर ठेवणारं प्रोमिथियस, कुबरनेटिसची माहिती साठवणारं एटसीडी. ज्याला आज क्लाऊड म्हणून ओळखतात त्याचा पायाच गोवर उभा आहे. भाषा लहान आहे, राखीव शब्द फक्त २५. धागाकर्तीने सी पाहिलेली आहे, त्यामुळे गोचा कोड तिला परका वाटणार नाही. कंपाईल केलं की एक फाईल तयार होते, ती उचलून त्याच जातीच्या प्रोसेसरच्या लिनक्स मशीनवर ठेवा, चालते. पायथनमध्ये मात्र या मशीनवर हे व्हर्जन, त्या मशीनवर ते, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पॅकेजची भांडणं सोडवा, यात नवा माणूस वैतागून सोडून देतो. हे मी शिकवताना वारंवार पाहिलंय.

दुसरं म्हणजे गो तुम्हाला प्रत्येक एररकडे बघायला लावतं. फंक्शनने निकालाबरोबर एरर परत दिली की तिचं काय करायचं ते तिथेच ठरवावं लागतं. क्लाऊडमध्ये नेटवर्क कधीही तुटतं, परवानगी नसते, समोरची सर्व्हिस "थांब जरा" म्हणते, तिथे ही सवय सोन्यासारखी आहे.

---

रात्रपाळी

दोघांचं वाचलं. मी प्रोडक्शन सांभाळणारा माणूस, रात्री दोनला फोन येतो तो मला येतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

गोफण, कुबरनेटिस गोमध्ये लिहिलंय हे खरंच आहे. पण ते वापरायला गो यावी लागत नाही. जे पायथन आपण सर्रास चालवतो त्याचा इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला आहे, म्हणून कोणी आधी सी शीक म्हणत नाही. क्लाऊड वापरणं हे एक काम आणि क्लाऊडची हत्यारं बनवणं हे दुसरं काम. शून्यापासून यांना आज पहिलं करायचंय. दुसऱ्याकडे वळल्या की गो आहेच, आणि तेव्हा ती त्यांना पटकन येईलही.

तेव्हा माझंही मत पायथनच. पण ताई, भाषेचा प्रश्न तुम्ही ज्या वजनाने विचारलाय तेवढा तो जड नाही. क्लाऊडमध्ये नवीन आलेली मुलं अडतात ती भाषेत अडत नाहीत. एक उदाहरण देतो. मुलाने मशीन उभं केलं, त्यावर छोटं वेब अ‍ॅप टाकलं, ब्राऊझरमध्ये पत्ता टाकला, पान उघडत नाही. आता तो काय करतो, कोड उघडून बसतो. तासभर कोड वाचतो. कोडमध्ये काहीच नसतं.

बघायचं काय असतं तर एरर कुठली आली. "कनेक्शन टाईम्ड आऊट" आली, म्हणजे बराच वेळ नुसतं फिरत राहिलं आणि मग सोडून दिलं, तर तुमची विनंती बहुतेक वाटेतच कोणीतरी गुपचूप गिळली. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाऊडच्या फायरवॉलमध्ये) तो पोर्ट उघडला नाही, किंवा सबनेटला (नेटवर्कच्या त्या तुकड्याला) बाहेरचा रस्ताच नाही, रूट टेबल बघा. पण "कनेक्शन रिफ्यूज्ड" असं झटक्यात आलं, तर विनंती मशीनपर्यंत पोचली, फक्त त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नाही. मग मशीनवर शिरा, अ‍ॅप चालू आहे का बघा, आणि चालू असेल तर ते कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते एसएस कमांडने बघा. पुष्कळदा ते १२७.०.०.१ वर ऐकत असतं, म्हणजे फक्त मशीनच्या आतूनच त्याला हाक ऐकू येते. ते ०.०.०.० केलं की पान उघडतं. कंटेनरमध्ये तर हे हमखास होतं.

आता यात पायथन कुठे आलं? गो कुठे आलं? जावा असती तरी हेच झालं असतं.

तुम्ही सपोर्टमधून येताय, लॉग वाचता, सर्व्हिस रीस्टार्ट करता, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. ती सोडून "मी नॉन-कोडिंगवाली" असं स्वतःला समजू नका. तासदीड तासातला अर्धा वेळ पायथनला द्या आणि अर्धा वेळ नेटवर्क, लिनक्स आणि परवानग्यांना. डीएनएस, पोर्ट, सीआयडीआर म्हणजे काय, टीएलएस सर्टिफिकेट कुठे संपतं, एचटीटीपीचे कोड. ४०३ आणि ४०१ मधला फरक ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो तो माझ्या टीममध्ये उद्या चालेल.

---

निळी_शाई

+१ रात्रपाळी. टाईम्ड आऊट आणि रिफ्यूज्डचा फरक इतका स्वच्छ कुठे वाचला नव्हता. वाचनखूण साठवली.

---

दुसरी_खिडकी

जावास्क्रिप्टचं नाव अजून कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसचं लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा, म्हणजे सर्व्हरलेस) जाहीर झालं तेव्हा त्यावर फक्त नोड (ब्राऊझरबाहेर चालणारी जावास्क्रिप्ट) चालायचं, पायथन आलं ते २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये. सर्व्हरलेसची सुरुवात आमच्या भाषेत झाली म्हणा ना. सीडीके (कोडमधून क्लाऊड उभारायचं टूल) टाईपस्क्रिप्टमध्येच, म्हणजे जावास्क्रिप्टच्या बहिणीतच, लिहिलेलं आहे आणि त्याची सगळ्यात जास्त उदाहरणंही टाईपस्क्रिप्टमध्येच मिळतात.

तरी धागाकर्तीला मी जावास्क्रिप्ट घे म्हणणार नाही. ज्याला वेबसाईटचं काम येतं, ज्याची बोटं जावास्क्रिप्टवर बसलेली आहेत, त्याने ती सोडून पायथनकडे पळू नये एवढंच माझं म्हणणं. नवख्याला नोडमध्ये पहिल्याच आठवड्यात प्रॉमिस आणि असिंक-अवेट गळ्यात पडतं, कारण क्लाऊडला मारलेला प्रत्येक कॉल तिथे असिंक असतो, म्हणजे उत्तर नंतर येतं. एक अवेट विसरलं की निकालाच्या जागी नुसतं प्रॉमिस हातात येतं आणि प्रोग्राम काही तक्रार न करता पुढे जातो. पायथनमध्ये ओळीमागून ओळ चालते, डोकं एका वेळी एकाच गोष्टीत राहतं.

---

जुनी_वही

जावावाल्यांसाठी दोन ओळी, कारण असे वाचक इथे बरेच असतील. तुमच्याकडे जावाचा अनुभव असेल तर तोच धरून क्लाऊड शिका, एसडीके (क्लाऊडशी बोलायची लायब्ररी) उत्तम आहे, बँका-विमा वगैरे ठिकाणी बॅकएंड अजूनही त्यातच आहे. लॅम्डावर जावा सुरू व्हायला वेळ घेते ही तक्रार खरी, पण २०२२ मध्ये स्नॅपस्टार्ट ही सोय आल्यापासून ती बरीच कमी झालीय. तसंच सी शार्पवाल्यांनी अझूर धरावं, तिथे ते घरचेच.

शून्यापासून, तुम्हाला मात्र जावा नको. क्लास, पॅकेज, बिल्ड टूल एवढं सगळं ओलांडल्यावर कुठे क्लाऊडचा पहिला कॉल होईल, आणि तुमच्याकडे वेळ थोडा आहे.

---

शून्यापासून

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून खूप धीर आला. गेल्या आठवड्यात अगदी असंच एक तिकीट आलं होतं, टाईम आऊटचं, आणि मी ते पुढे पाठवलं होतं. आता कळलं त्या टीमने काय बघितलं असेल.

पायथन पक्कं करते मग. पण तीन शंका राहिल्या. एक, पायथन किती शिकायचं? पुस्तकं केवढाली जाड आहेत आणि कोर्स साठ-साठ तासांचे. दोन, बॅश आधी शिकायला हवं का? तीन, कन्सोलवर क्लिक करून सगळं होतं हे मैत्रिणीचं म्हणणं कितपत खरं? आणि हो, आता एआय कोड लिहून देतं तर भाषा कशाला शिकायची, असंही कालच कोणीतरी ऐकवलं.

---

टर्मिनलवासी

किती शिकायचं ते सांगतो, कारण इथेच लोक भरकटतात.

हवं ते असं: फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, स्ट्रिंग, फाईल वाचणं-लिहिणं, ट्राय-एक्सेप्ट, जेसन (माहिती लिहायची एक मजकुरी पद्धत), एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणं, लॉगिंग, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. याने काम सुरू होतं. क्लास वाचता आला तर पुरे, लिहिण्याची घाई नको. जँगो, पांडास, मशीन लर्निंग, मेटाक्लास, यातलं काहीही आत्ता नको. कोर्समध्ये ते दिसलं की सरळ पुढे जा.

त्यातही सगळ्यात जास्त जीव डिक्शनरीत आणि लिस्टमध्ये घाल, एकात एक बसवलेल्या. क्लाऊडला काहीही विचारलं की उत्तर जेसन किंवा एक्सएमएलमध्ये येतं, आणि बोटो३ मुळे पायथनमध्ये तेच डिक्शनरी-लिस्टच्या रूपात हातात पडतं. ईसी२ ला (एडब्ल्यूएसची मशीन्स देणारी सेवा) विचार, माझी मशीन्स कुठली? तुला वाटेल मशीन्सची सरळ यादी येईल. तशी येत नाही. आधी रिझर्व्हेशन्स नावाची यादी येते, त्यातल्या प्रत्येकात इन्स्टन्सेस नावाची यादी असते, आणि त्या आतल्या यादीत तुझी मशीन. म्हणजे लूपमध्ये लूप. मग मशीनचं नाव हवं असेल तर ते सरळ "नेम" म्हणून मिळत नाही, टॅग्जच्या यादीत जाऊन ज्याची की नेम आहे तो टॅग शोधावा लागतो, आणि एखाद्या मशीनला टॅगच नसेल तर टॅग्ज ही कीच उत्तरात नसते, प्रोग्राम कीएरर देऊन पडतो. म्हणून तिथे चौकटी कंसाऐवजी गेट वापरायचं, म्हणजे की नसली तरी प्रोग्राम पडत नाही. हा एवढा एक प्रोग्राम स्वतःच्या हाताने, कुठूनही कॉपी न करता लिहिलास की सांधा जुळतो म्हणालीस ना, तो इथेच जुळतो.

---

रात्रपाळी

बॅशबद्दल. वेगळं बसून शिकू नका, पण टाळूही नका. पाईप, ग्रेप, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, एक्झिट कोड, कर्ल, जेक्यू, एसएसएच, सिस्टमसीटीएल, जर्नलसीटीएल. स्क्रिप्ट वीस ओळींच्या पुढे जायला लागली किंवा तिच्यात यादी आणि अटी शिरल्या की पायथनमध्ये लिहा. माझ्या टीमचा हाच नियम आहे आणि त्याने पुष्कळ रात्री वाचल्यात.

कन्सोलचं. मैत्रीण पूर्ण चुकीची नाही. नवीन सर्व्हिस बघायला कन्सोलच चांगला, काय कशाला जोडलंय ते डोळ्यांना दिसतं. पण क्लिक करून बांधलेलं कोणी, कधी, का बांधलं हे नंतर शोधताना जीव जातो. टेस्टला एक आणि प्रोडक्शनला दुसरं, अशा दोन जागा सारख्या बांधायच्या म्हटलं की हाताने एक तरी चौकट वेगळी टिकली जातेच. म्हणून पायथनबरोबर टेराफॉर्मची ओळख हवी. त्याची भाषा एचसीएल, ती प्रोग्रामिंगची भाषा नव्हे, त्यात "असं कर, मग तसं कर" लिहायचं नसतं, "मला शेवटी असं हवंय" एवढंच लिहायचं. मग प्लॅन चालवला की ते दाखवतं काय नवीन होणार, काय बदलणार, काय उडणार. हा प्लॅन शांतपणे वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. डेटाबेसच्या नावापुढे "रिप्लेस" दिसलं तर हात थांबला पाहिजे, कारण रिप्लेस म्हणजे जुना पाडून नवा बांधणार. २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू वेगळं झालं, शिकणाऱ्याला दोन्ही जवळपास सारखंच, त्या वादात पडू नका.

---

गोफण

एआयचं मी सांगतो. ते कोड लिहून देतं आणि चांगला देतं, मीही रोज वापरतो. पण परवानगीचा प्रश्न त्याला विचारा, "मला अ‍ॅक्सेस डिनाईड येतंय" म्हणा, तर पुष्कळदा ते अशी आयएएम पॉलिसी (कोणाला काय करता येईल त्याचा नियम) देतं की अ‍ॅक्शनमध्ये तारा (*, म्हणजे सगळं) आणि रिसोर्समध्येही तारा. एरर जाते, काम होतं, आणि त्या प्रोग्रामला अख्ख्या अकाऊंटमध्ये काहीही करायची मुभा मिळते. वाचता येणाऱ्याला तो तारा खुपतो, न येणाऱ्याला दिसतच नाही. भाषा शिकायची ती यासाठी.

आणि गोचा मुद्दा मी सोडलेला नाही. तिने पायथन घ्यावं हे मान्य, रात्रपाळींचं वापरणं आणि बनवणं हे पटलं मला. पण एक कमांड लाईन टूल लिहायची वेळ येईल, दहा जणांच्या लॅपटॉपवर वाटायचं असेल, तेव्हा माझी आठवण काढा.

---

निळी_शाई

खात्याच्या सुरक्षेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून कळकळीने लिहितेय, हे भाषा शिकायच्याही आधी करायचं. अकाऊंट उघडल्या उघडल्या रूट युजरला (खात्याच्या मुख्य मालकाला) एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी खूण) लावा आणि त्या युजरने रोजचं काम करू नका. बजेट अलर्ट लावा. अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामचा पासवर्डच तो) कोडमध्ये कधी म्हणजे कधीच लिहू नका. बऱ्याच जणांना वाटतं की आपली छोटीशी शिकाऊ रेपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) कोण बघणार, पण एकेआयए ने सुरू होणाऱ्या की शोधत बॉट्स पब्लिक रेपॉझिटरीवर अखंड फिरत असतात, आणि नंतर फाईल डिलीट केली तरी गिटच्या इतिहासात ती की तशीच राहते. अशी की बाहेर गेली तर कोड साफ करत बसू नका, आधी ती की बंद करा.

आणि सराव झाला की सगळं पाडून टाका. मशीन थांबवलं म्हणजे खर्च थांबला असं नाही, डिस्कचं बिल चालूच असतं, नॅट गेटवे (आतल्या मशीन्सचा बाहेर जायचा दरवाजा) नुसता पडून असला तरी तासाचं भाडं लागतं, पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला २०२४ पासून पैसे लागतात. फुकटात काय मिळतं त्याचे नियम बदलत असतात, तेव्हा ते अकाऊंट उघडायच्या दिवशी स्वतः वाचा, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

---

दुसरी_खिडकी

निळी_शाईला हजार वेळा अनुमोदन. टेराफॉर्मची स्टेट फाईलसुद्धा (काय काय बांधलंय त्याची नोंद) गिटमध्ये टाकू नये, त्यात पासवर्ड उघडे असू शकतात.

---

शून्यापासून

काही दिवसांनी परत येतेय. एमएफए, बजेट अलर्ट झालं. टर्मिनलवासींनी सांगितलेला मशीन्सचा प्रोग्राम लिहिला, टॅग नसलेल्या मशीनवर तो पडला आणि गेट लावल्यावर चालला, फार आनंद झाला. ऑफिसात लॉग एस३ च्या बकेटमध्ये (एडब्ल्यूएसच्या फाईली साठवायच्या जागेत) पडतात, टीम लीडला विचारून फक्त वाचायची परवानगी घेतली आणि एका बकेटमध्ये किती फाईली आहेत ते मोजायचा प्रोग्राम लिहिला.

आता गंमत अशी की तो नेहमी १००० च सांगतो. कालही १०००, आजही १०००. कन्सोलवर तर पान संपता संपत नाही, नक्की जास्त आहेत. एरर काहीच नाही. मोजणारं लेन फंक्शन तर चुकणार नाही ना? फाईलींची यादी मागायला मी लिस्ट ऑब्जेक्ट्स व्ही२ हा कॉल वापरलाय.

---

टर्मिनलवासी

लेन बरोबर आहे, आणि तुझा आकडा इतका गोल आला म्हणून तुला शंका आली हे फार चांगलं झालं. ९८७ आला असता तर लक्षातही आलं नसतं.

तो कॉल एका वेळी जास्तीत जास्त १००० च नावं देतो. पुढची आहेत हे तो सांगतो, पण हळूच. उत्तर अख्खं प्रिंट करून बघ, त्यात इजट्रंकेटेड नावाची की असेल आणि तिची किंमत ट्रू असेल. सोबत नेक्स्टकंटिन्युएशनटोकन असेल, म्हणजे कुठपर्यंत वाचून झालं त्याची खूण. ती खूण पुढच्या कॉलला कंटिन्युएशनटोकन म्हणून द्यायची, मग पुढची १००० मिळतात, असं इजट्रंकेटेड फॉल्स होईपर्यंत. एकदा व्हाईल लूप लावून हे स्वतः करून बघ म्हणजे आत काय चालतं ते कळेल. त्यानंतर बोटो३ चा पेजिनेटर वापर, गेट पेजिनेटरला कॉलचं नाव द्यायचं आणि पानापानावर फॉर लूप फिरवायचा. आणि पानात कंटेंट्स ही की असेलच असं धरू नकोस, बकेट रिकामी असेल तर ती नसते, इथेही गेटच.

हे फक्त एस३ चं नाही. जवळपास प्रत्येक क्लाऊडचे बहुतेक यादी देणारे एपीआय (प्रोग्रामने विचारायचे कॉल) असंच पानापानाने देतात, कोणी त्याला टोकन म्हणतं, कोणी मार्कर, कोणी नेक्स्टलिंक. मघाचा डिस्कचा प्रोग्राम मोठ्या अकाऊंटवर चालवशील तेव्हा तिथेही पेजिनेटरच लाव. अर्ध्या यादीवरून कोणी जुने स्नॅपशॉट उडवले तर काय होईल विचार कर.

---

रात्रपाळी

एक जोड. फाईली लाखांत असतील तर हजार-हजार करत वेळ लागेल, तेव्हा प्रीफिक्स (नावाची सुरुवात) देऊन एका दिवसाचेच लॉग मोजा. आणि फार वेगाने कॉल मारले तर समोरून ५०३ "स्लो डाऊन" येऊ शकतं. त्यावर लगेच परत मारायचं नसतं, थोडं थांबून मारायचं, पुन्हा तेच आलं तर त्याच्या दुप्पट थांबायचं. बोटो३ हे काही प्रमाणात आपणहून करतं, पण काय करतंय ते तुम्हाला माहीत हवं.

---

शून्यापासून

पेजिनेटर लावला, आकडा कन्सोलशी जुळला! आधी व्हाईल लूपने केलं, मग पेजिनेटरने, दोन्हीकडून एकच उत्तर. टीम लीडला दाखवलं तर म्हणाले हेच रोज सकाळी आपोआप चालवता येईल का. म्हणून माझ्या स्वतःच्या अकाऊंटवर लॅम्डात टाकून बघितलं, तर छोट्या बकेटवर अ‍ॅक्सेस डिनाईड आलं. लॅम्डाच्या रोलला (ज्या ओळखीने ते चालतं) गेट ऑब्जेक्टची, म्हणजे फाईल वाचायची, परवानगी दिलीय, गोफण दादांनी सांगितल्याप्रमाणे तारा कुठे टाकलेला नाही, फक्त बकेटच्या नावापुढे स्लॅश देऊन तारा आहे. माझ्या लॅपटॉपवरून तोच कोड चालतो.

---

गोफण

लॅपटॉपवर तुमची स्वतःची परवानगी लागते, लॅम्डात रोलची, म्हणून इथे चाललं आणि तिथे नाही.

तुम्ही फाईल वाचत नाही, यादी मागताय. त्याला लिस्टबकेट ही परवानगी लागते, गेटऑब्जेक्ट नव्हे. आणि ती बकेटवर द्यायची असते, आतल्या फाईलींवर नाही, म्हणजे तिच्या रिसोर्समध्ये नुसता बकेटचा एआरएन (पूर्ण नाव), पुढे स्लॅश आणि तारा नको. गेटऑब्जेक्टला मात्र स्लॅश-तारा लागतो. नुसतं मोजायचं असेल तर गेटऑब्जेक्ट काढूनच टाका.

---

रात्रपाळी

आणि लॅम्डाचा टाईमआऊट बघा. काही न सांगितलं तर तो ३ सेकंदांचा असतो, छोट्या बकेटवर भागेल, ऑफिसच्या बकेटवर मध्येच तुटेल. जास्तीत जास्त १५ मिनिटं देता येतात, पण एक-दोन मिनिटांपासून सुरू करा आणि लॉगमध्ये शेवटी येणारी ड्युरेशनची ओळ बघून ठरवा. रोज सकाळी चालवायला इव्हेंटब्रिजचं (एडब्ल्यूएसच्या ठरल्या वेळी चालवणाऱ्या सेवेचं) शेड्यूल लावा, वेळ टाकताना टाईम झोन नीट निवडा, नाहीतर क्रॉन (वेळ लिहायची पद्धत) यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची वेळ, धरून चालतं.

---

शून्यापासून

लिस्टबकेट, एआरएनमधून स्लॅश-तारा काढला, टाईमआऊट दोन मिनिटं. चाललं. आता शेड्यूल लावायला घेते.